करपा राखणारी

भागीरथा मेश्राम ही बाई सत्तावीस वर्षं एक रोग जगवत होती. तिला रोजी त्याचीच मिळायची.

आमचं धान संशोधन केंद्र इटियाडोहच्या कालव्यालगत आहे. अर्जुनीहून येणारी एसटी फाटकासमोर थांबते. मी तिथे वर्षभराच्या कंत्राटावर संगणकात आकडे भरायला लागले. मराठीत एम.ए. केलेल्या मुलीला धानातलं काय कळतं, असं कोणी विचारलं नाही. टायपिंग येतं का, एवढंच विचारलं.

पहिल्याच दिवशी मी चुकले. रस्त्याकडेला एक लांबट गादीवाफा होता. त्यातली रोपं जळाल्यासारखी दिसत होती. मी वाकून पाहिलं, पानांवरून हात फिरवला आणि शेजारच्या हिरव्यागार धानाकडे निघाले. मागून आवाज आला.

"थांब व. ते हात घेऊन कुठी चालली?"

साठीला टेकलेली, सडपातळ बाई. हातात झारी. तिने मला पंपाजवळ नेलं, कोपरापर्यंत हात धुवायला लावले, चपला धुवायला लावल्या. वर ऐकवलंही. शिकलेल्या लोकांना एवढंही कळू नये म्हणजे काय. आधी निरोगी धानात जायचं, रोग्याकडे शेवटी. रोग्याकडून निरोग्याकडे कधीच नाही. मी ओशाळून विचारलं, मग हा रोगी वाफा उपटून का टाकत नाही?

तिने झारी खाली ठेवली. "मी त्याले दिवसातून तीनदा पानी पाजतो," ती म्हणाली. "अना तू उपटते म्हनते."

त्या दिवसापासून ती माझी मावशी झाली.

करपा हा धानाचा जुना वैरी. पानावर डोळ्याच्या आकाराचा डाग पडतो, कडेला तपकिरी, मधे राखाडी. डाग वाढत जातात, एकमेकांत मिसळतात आणि पान जळतं. लोंबीच्या मानेत शिरला तर लोंबी पांढरी होऊन मोडते. करप्यापुढे टिकणारं वाण तयार करायचं तर नव्या प्रत्येक वाणाला करप्याच्या तोंडी द्यावं लागतं. म्हणून तो वाफा. त्यात साठ ओळी, प्रत्येक ओळ एका नव्या वाणाची. दर पाच ओळींनंतर एक ओळ हमखास मरणाऱ्या धानाची. भोवतीही त्याचंच कुंपण. त्या धानाचं खरं नाव वेगळं आहे, पण मावशी त्याला 'मरण्या' म्हणायची. मरण्या आधी मरतो आणि रोग साठही ओळींना वाटतो. मग पंचविसाव्या-तिसाव्या दिवशी ओळींना आकडे द्यायचे. डाग नाही तर शून्य. पार मेली तर नऊ. तीनपर्यंत पास.

हा रोग आपोआप तगत नाही. त्याला सतत ओल लागते. मावशी सकाळ, दुपार, संध्याकाळ झारीने शिंपायची. जाताना वाफ्यावर प्लास्टिक ओढायची. युरिया जास्तीचा द्यायची, म्हणजे पान लुसलुशीत होऊन लवकर बळी पडतं. आदल्या वर्षीची करपलेली पानं वाळवून पोत्यात भरून पंपघराच्या आढ्याला टांगलेली असत. पुढच्या हंगामात तीच बारीक करून वाफ्यावर पसरायची. सत्तावीस वर्षं त्या पोत्यातून या पोत्यात तो रोग तिने सांभाळत आणला होता. वाफ्यात शिरण्याआधी ती पंपघरात लुगडं बदलायची. ते लुगडं कधी फाटकाबाहेर गेलं नाही.

तरी गावात तिला करपावाली म्हणत. तिचं गाव केंद्रापासून तीन किलोमीटरवर. घरी जाण्याची जवळची वाट उदाराम लंजेच्या बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, धुऱ्यावरून, बांधावरून जाते. उदारामने तिला ती वाट बंद केली होती. तुझ्या पायाने माझ्या धानात रोग येतो, म्हणायचा. ती कालव्याच्या पाळीवरून वळसा घालून जायची. एकदा मी तिच्यासोबत त्या वळशाने चालले आणि संतापले. ती म्हणाली, तिच्या सासूलाही त्या धुऱ्यावरून जाता येत नव्हतं. तेव्हा कारण वेगळं होतं. आता लोक ते तोंडाने बोलत नाहीत. करप्याचं नाव पुढे करतात.



नवरा गेला तेव्हा तिचा प्रफुल्ल चार वर्षांचा होता. ती निंदणाच्या कामावर केंद्रात आली. तेव्हा तिथे शालीकराम डोंगरवार नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांना बारीक कामाला हात हवे होते. धानाचं फूल तांदळाएवढं. त्याचा वरचा भाग छोट्या कात्रीने कापायचा, चिमट्याने आतले सहाही परागकोष काढायचे, एकही फुटू द्यायचा नाही. मग लोंबीवर कागदी पिशवी चढवायची आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या धानाचे पराग तिच्यावर झाडायचे. दोन पदवीधर मुलांचे हात थरथरले. भागीरथाबाईचे थरथरले नाहीत. चौथी पास होती ती. डोंगरवार सर निवृत्त होईपर्यंत केंद्रातला जवळजवळ प्रत्येक संकर तिच्या हातचा होता. कुठल्याही अहवालात तिचं नाव नाही. मी शोधलं. 'कुशल मजूर – १' असं आहे.

बावीस नंबर तिचा होता.

म्हणजे कागदावर तो केंद्राचा होता. पण त्याची सुरुवात तिने केली. तिच्या माहेरी बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, काठाला एक उंच धान यायचा. नाव नव्हतं, बोडीचा धान म्हणत. आजूबाजूचं सगळं करपलं तरी तो हिरवा राहायचा. तिने मूठभर आणून सरांना दिला. सर हसले, पण एक ओळ पेरली. ती ओळ वाचली. मग तिनेच तो धान एका ठेंगण्या, भरपूर पिकणाऱ्या वाणाशी जुळवला. आठ वर्षं दरसाल त्याच्या पोरांतून निवड केली. उंच ते काढले, लोळणारे काढले, करपलेले काढले. उरला तो बावीस.

नियम असा, की करप्याच्या वाफ्यात सलग तीन वर्षं तीनपर्यंतच आकडा आला तर वाण बाहेरच्या चाचण्यांना जातो. एक वर्ष जरी हुकलं तरी यादीतून गळतो. बावीसला पहिल्या वर्षी दोन मिळाले. दुसऱ्या वर्षी एक. हे तिसरं वर्ष. आणि ऑक्टोबरच्या एकतीस तारखेला मावशी साठीची होणार होती. रोजंदारीला साठनंतर हजेरी नाही. म्हणजे तिच्यासाठी हा शेवटचा हंगाम होता.

"याले बाहेर गेलेलं पाहीन अना मंग घरी बसीन," ती म्हणायची. प्रफुल्ल नागपूरला बोलवत होता. तिने त्याला दिवाळीनंतरचं सांगून ठेवलं होतं.

जुलैअखेर वाफा पेरला. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात मरण्यावर डोळे उमटले. मावशी खुशीत होती. रोग छान लागला आहे, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. नवीन माणूस तिच्या तोंडाकडे पाहायचा.

आमचे प्रभारी साहेब त्याच वर्षी बदलून आले होते. आधी ते फळरोपवाटिकेकडे होते. शिस्तीचे, टापटिपीचे. महिनाअखेरीला शिवारफेरी होती. त्या दिवशी शेतकरी येतात, बाहेरून वरिष्ठ येतात, केंद्र फिरून पाहतात. साहेबांनी फाटकापासून सगळं रंगवून घेतलं. झाडांना चुना लावला. रोजंदारीला रविवारची हजेरी बंद केली, विनाकारण खर्च म्हणून. मावशी म्हणाली, हजेरी नको, मी पाणी घालून परत जाईन. त्या रविवारी चौकीदाराने तिला फाटकातूनच परत पाठवलं. लेखी आदेश होता.

सोमवारी मी आले तेव्हा ती वाफ्याच्या कडेला उभी होती. झारी खाली होती.

"वास घे," ती म्हणाली.

औषधाचा वास होता. वाफ्यातल्या मरण्याच्या जळक्या ओळी उपटलेल्या होत्या. कुंपणही गेलं होतं. माती सारखी केली होती. आम्ही पंपघरात गेलो. आढं रिकामं होतं. मागच्या अंगाला राखेचा ढीग होता.

फवारा गुड्डूने मारला होता. तो आसपासच्या गावांत बॅटरीचा पंप पाठीवर घेऊन ठेक्याने फवारणी करतो. मावशीने त्याला फोन केला. तो बिचारा गोंधळला. म्हणाला, साहेबांनी सांगितलं, रस्त्याकडचा भाग दर्शनी आहे, पाहुण्यांना जळका दिसायला नको. "मले वाटलं तुमचंच काम हलकं होऊन राहिलं, मावशी. एकदम भारी दवाई मारली. गॅरंटी."

मावशी साहेबांकडे गेली. मी मागे होते. साहेब रागावले नाहीत. खरं सांगते, ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजावून सांगत होते. वाफा हा केंद्राचा चेहरा. मेलेली रोपं पाहून शेतकरी काय म्हणेल? संशोधन केंद्रातच धान मरतो? आणि ते पोतं, त्यात नुसता कचरा होता, उंदीर होते. त्यांना चूक केल्याचं समजलंच नव्हतं. धान संशोधन केंद्राचा प्रमुख असलेला माणूस. त्याने रोगाच्या वाफ्यावर औषध मारलं होतं आणि तो आभाराची वाट पाहत होता.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, आकडे द्यायची तारीख होती. डागाळलेली जुनी पानं खुडून टाकली होती; नवी आली होती, एखाददुसरा टाचणीएवढा ठिपका सोडला तर सगळी स्वच्छ. साहेब म्हणाले, जे दिसतं ते लिहा, आपण अंदाज करत नाही. एक तांत्रिक सहायक ओळीनुसार कागद भरून आला. साठ ओळी, साठ वेळा एक. मी टाइप केलं. साहेब खुर्चीमागे उभे होते.

ते गेल्यावर मावशी आली. दारातच थांबली.

"बावीसले किती लिवलं?"

"एक."

"अना चौदाले?"

"एक."

"चौदा दोन साल तीनावर कसाबसा वाचला. यंदा औषधाच्या आधी करपून राहिला होता, मीनं डोळ्यानं पाहिलं त्याले. तू आज त्याले जित्ता केला."

मी म्हटलं, मावशी, मला सांगितलं ते मी भरलं. आणि मग मी जे बोलले ते मला अजून टोचतं. मी म्हटलं, पण बावीस तर पास झाला ना. तिसरं वर्ष पूर्ण झालं. तुझं काम झालं.

तिने हात उगारला नाही. उगारला असता तर मी मार सोसला असता.

"कायची शिकलेली म्हनते तू?"

"मराठी."

"इतकी पुस्तकं वाचली अना तुले एवढं नाई समजत? बावीस जाईन त्याच्या संग चौदा बी जाईन. लोक चौदा पेरतीन. सरकारचा धान म्हनून पेरतीन. अना पांढऱ्या लोंब्या कापतीन. त्यात बावीस पास होऊन मले काय करा लागते?"

मी आकडे पुसले नाहीत. तेवढी हिंमत नव्हती. फाइल पाठवली मात्र नाही. संगणक बिघडला म्हणून सांगितलं.

शिवारफेरीला दोनशे माणसं आली. मांडव, चहा, बिल्ले. बाहेरून एक वयस्क रोगशास्त्रज्ञ आले होते. साहेब त्यांना घेऊन रस्त्याने निघाले आणि हिरव्या वाफ्यापाशी थांबले. माइक हातात होता. यंदा साठपैकी साठही वाणांनी करप्याला दाद दिली नाही, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मावशीला पाण्याचे ग्लास घेऊन फिरायचं काम दिलं होतं. तिने ट्रे धुऱ्यावर ठेवला.

"साहेब, इतं औषध मारलं आहे," ती म्हणाली. मोठ्याने नाही. पण टाळ्या संपल्या होत्या.

साहेब हसले. मजूरबाई आहे, जुनी आहे, असं काहीसं म्हणाले. पुढच्या रांगेत उदाराम लंजे होता. तो शेजाऱ्याला म्हणाला, करपावालीला करपा नाही म्हणून चैन पडत नाही. लोक हसले. मावशीने त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. ती पाहुण्यांना म्हणाली, मरण्याची ओळ दाखवायला सांगा. मधल्या ओळी उपटून टाकल्या आहेत, पण पलीकडच्या टोकाला एक चुकून राहिली आहे. ती हिरवी आहे.

वयस्क गृहस्थ चष्मा पुसत टोकापर्यंत गेले. वाकले. एक पान हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. परत आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली होता. ज्याने मरायलाच हवं तोही जिवंत आहे, म्हणजे परीक्षा झालेलीच नाही, एवढंच ते साहेबांना म्हणाले. हे आकडे आले तर मी घेणार नाही. पुन्हा पेरा. सप्टेंबरच्या थंड रात्री करप्याला मानवतात, वेळ आहे.

पाहुणे गेल्यावर साहेबांनी मावशीला बोलावलं. तुमच्या मनासारखं झालं, म्हणाले. पेरा. मात्र वेगळे मजूर मिळणार नाहीत. आणि रोग तुम्हीच आणा. केंद्रात नाही.

खरोखरच नव्हता. जाळून टाकला होता. सत्तावीस वर्षं जपलेला रोग अर्ध्या तासात.

मावशीने डोंगरवार सरांना नागपूरला फोन लावला. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आता शेतातूनच आणावा लागेल, ताजा, जिवंत डागाचा. गावात कोणाकडे आहे का बघा. ती म्हणाली, विचारून कोणी सांगणार नाही. आमच्याकडे पाणी या बांधीतून त्या बांधीत उतरत जातं. रोग आहे हे कळलं की खालचा शेतकरी धुरा बांधून पाणी अडवतो, भांडण लागतं. म्हणून माणूस घरातलं दुखणं सांगतो, धानाचं सांगत नाही.

पण तिला माहीत होतं. रोजच्या वळशावरून तिला उदारामची बांधी दिसायची. चार दिवसांपासून त्या हिरव्यात राखाडी झाक आलेली तिने पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी गेलो. तिच्या हातात विळा आणि प्लास्टिकची पिशवी. ती धुऱ्यावर चढली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा. उदाराम धावत आला.

"काऊन आली इकडं? खाली उतर."

"तुयाकडचा करपा पायजे गा उदाराम."

"माह्या बांधीत करपा नाई."

तिने विळ्याने एक पान कापलं आणि त्याच्या डोळ्यासमोर धरलं. तो आजूबाजूला पाहू लागला. खालच्या बांधीत कोणी नव्हतं.

"सत्तावीस वर्सं तू म्हनत आला का मी रोग आनतो," मावशी म्हणाली. "माही सासू या धुऱ्यावरून गेली नाई. मी गेली नाई. मंग हा कोनाच्या पायानं आला? सांग ना. तुया पायानं का तुया बापाच्या?"

तिने पाऊण पिशवी पानं कापली. तो पाहत राहिला. ती खाली उतरू लागली तेव्हा त्याने हळूच विचारलं, सगळाच नेतेस का? उरलेल्याचं काय करू? मला हसू आलं. मावशीला आलं नाही. तिने औषधाचं नाव सांगितलं, किती पाण्यात किती ते सांगितलं, पोटरीतून लोंबी निघायच्या आधी दुसरा फवारा मार म्हणाली. आणि आली त्याच धुऱ्यावरून परत निघाली. त्याने अडवलं नाही.

वाफा पुन्हा पेरला. साठ ओळी, मरण्याच्या ओळी, कुंपण. या वेळी झारी मीही उचलली. रविवारी चौकीदार चहाला जायचा आणि फाटक उघडं राहायचं. त्याने आदेश पाळला आणि आम्हीही काम केलं. सप्टेंबरच्या मध्याला उदारामचा करपा मरण्यावर चढला. आठ दिवसांत मरण्या झोपला. इतका जोरात करपा या वाफ्यात कधी पाहिला नव्हता, असं तांत्रिक सहायक म्हणाला.

तिसाव्या दिवशी आकडे द्यायचे होते. मावशी म्हणाली, मी सांगते, तू लिही. सहायकाने मान हलवली. तिच्या शेजारी उभं राहून तोही पाहत होता. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. ती प्रत्येक ओळीपाशी उकिडवी बसायची, पान उलटं-सुलटं करायची आणि आकडा म्हणायची. सात. आठ. नऊ. चौदाला नऊ. ते म्हणताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून लिहिलं.

बावीसपाशी ती बसली आणि पानं उलटत राहिली.

मी पुढे होऊन पाहिलं. पानावर डोळे होते. मोठे, राखाडी, तपकिरी कडेचे. एका पानावर चार, दुसऱ्यावर सहा. काही एकमेकांना भिडले होते. तिने पूर्ण ओळ पाहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पुन्हा पहिल्या रोपाकडे आली.

"सहा," ती म्हणाली.

माझा पेन थांबला. मी सहायकाकडे पाहिलं. तो दुसरीकडे पाहत होता. त्याला चाललं असतं. मी हळू आवाजात म्हटलं, मावशी, तीन लिहू? दोन वर्षं चांगलं आलं आहे. रोगच या वेळी जास्त होता.

"सहा लिव."

"मावशी."

"तो साहेब हिरवा पाहून एक लिवते. तू मले पाहून तीन लिवते. फरक काय तुमच्यात?"

मी सहा लिहिले.

उरलेल्या अडतीस ओळी तिने त्याच आवाजात सांगितल्या. साठपैकी तीन पास झाल्या. त्यातला एक एक्केचाळीस नंबर. काडी कमजोर, वाऱ्याने लोळणारा, चवीला भरड. तो तिला कधीच आवडला नव्हता. त्याला एक मिळाला.

रात्री सरांनी फोनवर मला समजावलं. पोत्यातला करपा वर्षानुवर्षं एकाच घरातला, एकाच वंशाचा होता. बावीसने त्या घराला तोंड द्यायला शिकून घेतलं. बाहेरचा करपा दरम्यान बदलला. कुठल्याच केंद्राला ते कळलं नसतं, जर पोतं जाळलं गेलं नसतं. सर हे सांगताना थोडे उत्तेजित झाले होते. मला राग आला. मी फोन ठेवला.

साहेबांना मात्र हे फार आवडलं. त्यांनी तिला कचेरीत बोलावून सगळ्यांसमोर म्हटलं, बघा बाई, मी जे आकडे पाठवत होतो त्यात तुमचा वाण पास होता. तुम्हीच हट्टाने नापास केला. आता कोणाचं नुकसान झालं?

मला वाटलं ती रडेल. मलाच रडू येत होतं.

"तुमाले अजून बी नाई समजलं, साहेब," ती म्हणाली. "तुमाले तर मरण्या अना बावीस यातला फरक बी नाई समजत. तुमी कागदावरचे एक मोजा. उदारामच्या बांधीत जो आहे तो कागद वाचत नाई."

ती बाहेर पडली. मी मागे धावले. म्हटलं, फार वाईट झालं मावशी. ती गर्रकन वळली.

"वाईट कायले वाटून राहिलं तुले? मेला का कोनी? चल, पुढं हो. कागदी पिशव्या कुठी ठेवल्या?"

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. मोठ्या प्लॉटमध्ये बावीस फुलावर आला होता. एक्केचाळीसही. दोघांचं फूल एकाच आठवड्यात यावं, असं दरवर्षी होत नाही. त्या संध्याकाळी तिने बावीसच्या लोंब्यांतले नर काढले. मान वाकवून, चिमट्याने, एकेका फुलातले सहा-सहा. अंधार पडेपर्यंत. मी पिशव्या देत होते. ती मधेच बोलायची, पण माझ्याशी नाही. आठ वर्षं, ती म्हणायची. अजून आठ वर्षं. कोण करेल? ते तोंडाने चालू होतं आणि हात चालूच होते.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला तिने एक्केचाळीसच्या लोंब्या आणल्या. पराग उघडले होते. तो वेळ फार थोडा असतो, अर्धा-पाऊण तास. तिने पहिली पिशवी काढली आणि लोंबी झाडायला सुरुवात केली. तेवढ्यात साहेब आले. हे काम कोणी सांगितलं, त्यांनी विचारलं. यादीतून बाद झालेल्या वाणावर केंद्राची हजेरी खर्च करायची नाही. कुठल्या योजनेत बसतं हे? मंजुरी कुठे आहे?

मावशीने मान वर केली नाही. दुसरी पिशवी काढली. तिसरी काढली. पिवळी धूळ तिच्या बोटांवर बसली होती. साहेब बराच वेळ बोलले. मग हजेरीची वही मागवून घेतली.

तिने त्या दिवशी अकरा लोंब्या जुळवल्या आणि प्रत्येकीला चिठ्ठी बांधली. तारीख तिने मला लिहायला लावली. नावं तिने स्वतः लिहिली, सावकाश, चौथी पास अक्षरात. बावीस गुणिले एक्केचाळीस.

साहेबांनी तिची हजेरी अर्ध्या दिवसाची लावली.